कोरियन-जपानी मालिका : काय बघावं, आणि मराठी कानाला काय ऐकू येतं

गोधडी

आई ७६ वर्षांची आहे. मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, दिसतं चांगलं, पण पडद्यावरच्या पळत्या ओळी वाचणं तिला जमत नाही आणि इंग्रजी तर नाहीच. गेल्या पावसाळ्यात पायाला प्लास्टर घालून ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा मी 'रिप्लाय १९८८' बघत होते. शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "काय म्हणतायत ते मलाही सांग की." तेव्हापासून प्रत्येक वाक्य मोठ्यानं मराठीत सांगत बघायचं असा आमचा परिपाठ झाला. वीसच्या वीस भाग असे बघितले.

सुरुवातीला मी इंग्रजी ओळ वाचून तिचं मराठी करत होते. तिसऱ्या-चौथ्या भागापासून जाणवायला लागलं की खाली लिहून येणाऱ्या इंग्रजीपेक्षा कानावर पडणारं कोरियनच मराठीला जवळचं आहे. सोलच्या स्सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली, पाच घरं, पाच मुलं. गल्लीतल्या बायका एकमेकींना नावानं हाक मारत नाहीत. सन-ऊची आई, दकसनची आई, जंगह्वानची आई. इंग्रजीत हे वाचताना अवघडल्यासारखं होतं. आमच्या चाळीत आईला तीस वर्षं कुणी तिच्या नावानं हाक मारली नाही, त्यामुळे तिला काही समजावूनच सांगावं लागलं नाही. नवरा-बायको एकमेकांना 'यॉबो' म्हणतात. हा शब्द 'इकडे बघा' अशा अर्थाच्या जुन्या बोलण्यातून आलाय असं मानतात. खाली 'हनी' असं लिहून येतं. मी "अहो" म्हटलं आणि आईला त्या बाईचा सगळा संसार कळला.

पहिल्याच भागात संध्याकाळी मुलं एका घरातून दुसऱ्या घरात वाडगे पोचवत असतात. एकीनं काही पाठवलं की त्या भांड्यातून दुसरीचं काहीतरी परत येतं, आणि मुलं गल्लीत एकमेकांना आडवी जातात. आई म्हणाली, "वाटी रिकामी परत द्यायची नसतेच."

आता ज्या प्रसंगासाठी हा धागा काढला, तो. दकसन ही मधली मुलगी. तिच्या बाबांनी मित्राच्या कर्जाला जामीन राहून पैसे घालवलेत, म्हणून सगळे दुसऱ्याच्या घराच्या अर्ध्या तळघरात राहतात. थोरल्या बहिणीचा वाढदिवस आणि तिचा वाढदिवस तीन दिवसांच्या अंतरानं येतो, त्यामुळे दर वर्षी एकच केक. थोरलीनं मेणबत्त्या विझवल्या की त्याच पुन्हा पेटवायच्या आणि म्हणायचं, आता तुझा. त्या वर्षी दकसन फुटते. अंडी त्या दोघांना, कोंबडीची तंगडी धाकट्याला, आणि मला काय, मला अंडं आवडत नाही का? नंतर रात्री बाबा गल्लीत छोटा केक घेऊन तिची वाट बघत बसतात आणि तिची माफी मागतात.

त्या माफीत बाबा स्वतःला 'मी' म्हणत नाहीत, 'बाबा' म्हणतात. इंग्रजीत तिथे 'मी' येतो. मी आईला सांगितलं, "बाबा काय जन्मापासून बाबा होता का गं? बाबाचीही बाबा व्हायची पहिलीच वेळ की." त्यांच्या वाक्याच्या शेवटी जो हेल आहे (दक्षिणेकडच्या जॉल्ला प्रांताची बोली आहे ती), तो मराठीतला 'की' जसाच्या तसा पेलतो.

आई बराच वेळ बोलली नाही. मी दुसरी मुलगी. पाचवीपर्यंत नवा फ्रॉक अंगावर घातलेला नाही, ताईचेच. मग म्हणाली, "तुझंही तसंच झालं ना गं." मी पुढचा भाग लावला, दुसरं काही सुचलं नाही.

तुम्ही काय बघितलंत ते सांगा. नावांची यादी नको, ज्या प्रसंगापाशी तुम्ही थांबलात तो सांगा. तुम्हाला कोरियन-जपानी येत असेल तर ऐकू काय येतं तेही लिहा.

वळचण

गोधडी, धागा आवडला. मी नऊ वर्षं तोक्योत आहे. जपानी मी ऑफिसात शिकले, पण घरातलं जपानी मी मालिकांमधूनच शिकले.

घराबाहेर पडताना जपानी माणूस 'इत्तेकिमासु' म्हणतो. सबटायटलमध्ये 'मी निघालो' अशा अर्थाचं इंग्रजी येतं. पण शब्दाची फोड केली तर तो सरळ 'जाऊन येतो' आहे, आणि घरातलं माणूस जे उत्तर देतं, 'इत्तेराश्शाय', ते 'जाऊन ये'. आमच्या घरी 'जाते' म्हटलं की आजी ओरडायची, 'येते म्हण'. पहिल्या वर्षी हे कानावर पडलं तेव्हा रस्त्यातच थांबले होते. कोरियनमध्येही असंच आहे, 'तान्यॉओगेस्सुम्निदा', 'जाऊन येते'. तिन्ही भाषांमध्ये परत येण्याचा शब्द दिल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नसतो.

दुसरं म्हणजे 'ने'. 'ओइशिई ने' म्हणजे 'छान झालंय ना'. हा 'ना' इंग्रजीत उतरतच नाही, म्हणून सबटायटल वाचणाऱ्याला ही माणसं तुटक बोलतात असं वाटतं. ती तुटक बोलत नाहीत. प्रत्येक वाक्याच्या शेवटी समोरच्याला सोबत घेत असतात.

मालिका म्हणाल तर 'शिन्या शोकुदो', इंग्रजीत 'मिडनाइट डायनर'. जपानी टीव्हीवर २००९ मध्ये सुरू झाली, नेटफ्लिक्सवर 'तोक्यो स्टोरीज' नावानं पुढचे भाग आहेत. एकेक भाग पंचवीसेक मिनिटांचा. तोक्योतल्या शिंजुकूच्या एका बोळातलं छोटं खानावळवजा दुकान, मध्यरात्री उघडतं, सकाळी सातला बंद होतं. भिंतीवर एकच पदार्थ लिहिलाय, डुकराच्या मांसाचं मिसो सूप आणि त्याबरोबरचं जेवण. बाकी बिअर, साके, शोचू, तेही माणशी तीनच. पण सामान असेल तर मालक तुम्ही मागाल ते करून देतो. प्रत्येक भागात एक माणूस आणि त्याचा एक पदार्थ.

त्यात 'नेको-मान्मा'चा भाग बघाच. शब्दाचा अर्थ मांजराचं जेवण. गरम भात, वर वाळवलेल्या बोनितो माशाचा पातळ किस, आणि थोडा सोया सॉस. बस. तो किस इतका पातळ असतो की भाताच्या वाफेनं हलतो, जिवंत असल्यासारखा. यश न मिळालेली एक गायिका रोज येऊन हे मागते. पुढे काय होतं ते सांगत नाही. मी तो भाग बघितला तेव्हा इथे पहिला हिवाळा होता, नोकरी नवी होती, बोलायला कुणी नव्हतं. उठून कुकर लावला आणि गरम भातावर आईनं पाठवलेलं मेतकूट आणि तूप घेतलं. त्या मालिकेत जे चाललंय ते मला त्या वाटीत कळलं.

ज्यांना आपल्याकडच्या न संपणाऱ्या मालिकांची धास्ती आहे त्यांच्यासाठी : जपानी मालिका बहुतेक तीन महिन्यांच्या हंगामापुरती असते, दहा-अकरा भागांत संपते. कोरियन साधारण सोळा भाग, पण भाग लांब.

पासबुक

मी बँकेतून निवृत्त झालोय. 'हांझावा नाओकी' बघा. २०१३ सालची जपानी मालिका, दहा भाग, शेवटच्या भागाला तोक्यो भागात ४२.२ टक्के प्रेक्षकसंख्या मिळाली होती. त्या काळात जपानात एवढा आकडा मिळणं बंदच झालं होतं.

ओसाकातल्या शाखेत कर्जविभागाचा प्रमुख असलेला हांझावा. शाखाधिकारी घाई करून एका पोलाद कंपनीला ५० कोटी येनचं विनातारण कर्ज द्यायला लावतो, कंपनी बुडते, आणि सगळा ठपका हांझावावर. मालिका भडक आहे, मान्य. माणसं डोळे वटारून ओरडतात, कॅमेरा नाकापर्यंत जातो. पण ज्या खोलीत चौकशी चालते ती खोली मला ठाऊक आहे. टेबलाच्या एका बाजूला तीन-चार जण, दुसऱ्या बाजूला एकटी खुर्ची, आणि सगळं आधीच ठरलेलं. मी ज्या बँकेत होतो तिथे माझ्या एका सहकाऱ्याला अशाच खुर्चीत बसवलं होतं. कर्ज मंजूर करायला सांगणारे साहेब टेबलाच्या पलीकडे होते. तोंडी सांगितलेलं कुठे लिहिलेलं नसतं. त्याचं प्रमोशन गेलं, आणि तो त्यानंतर कँटीनमध्ये आमच्याबरोबर बसायचा बंद झाला. मी त्या वेळी बोललो नाही. हांझावा बोलतो, म्हणून मी ती मालिका तीनदा बघितली.

तिच्या अगदी उलट स्वभावाची कोरियन मालिका म्हणजे 'मिसेंग', २०१४, वीस भाग. नाव बादुक या खेळातलं, ज्याला जपानीत गो म्हणतात. पटावरच्या ज्या सोंगट्या अजून मेलेल्या नाहीत पण ज्यांचं जगणंही पक्कं झालेलं नाही, त्या मिसेंग. व्यावसायिक बादुकपटू व्हायचं स्वप्न मोडलेला एक मुलगा कंत्राटावर व्यापारी कंपनीत लागतो. सणाला कंपनीकडून भेटी येतात, कायम नोकरांना डबाबंद हॅमचा संच आणि कंत्राटींना खाद्यतेलाचा. तो मुलगा ती तेलाची पेटी घेऊन घरी जातो. दिवाळीत दोन प्रकारचे मिठाईचे पुडे ज्या ऑफिसात येतात तिथल्या माणसाला हा प्रसंग सांगावा लागत नाही. कोरियात कंत्राटी कामगारांविषयीच्या प्रस्तावित कायद्याला लोक या मुलाच्या नावानं, जांग गु-रेचा कायदा म्हणून, ओळखायला लागले होते.

पाच_अठ्ठावन्न

बदलापूरहून रोज ५.५८ पकडते, म्हणून हे नाव. 'माय लिबरेशन नोट्स' (२०२२, सोळा भाग) या धाग्यात आली नाही तर मला वाईट वाटेल.

तीन भावंडं सोलच्या बाहेर ग्यॉंग्गी प्रांतातल्या गावात राहतात आणि नोकरीला रोज सोलला जातात. ग्यॉंग्गी म्हणजे अंड्यातला पांढरा भाग, पिवळ्या बलकाभोवतीचा, असं भावाला त्याची मैत्रीण म्हणालेली असते आणि ते त्याला विसरता येत नाही. प्रेमात पडायचं म्हटलं तरी शेवटची गाडी कितीची आहे ते आधी बघावं लागतं. गाडी चुकली तर तिघं सोलमध्ये एका ठिकाणी जमतात आणि एकच टॅक्सी वाटून घेतात. सुट्टीच्या दिवशी बापाच्या शेतात राबायचं. बाप किचन सिंक बनवतो आणि शेतीही करतो, बोलत जवळजवळ नाही. जेवणाच्या टेबलावर चमच्यांचे आवाज आणि पंख्याचा आवाज.

मी मुंबईच्या पिवळ्या बलकात पंधरा वर्षं नोकरी करतेय. ऑफिसातल्या मुली साडेसातला ठरवतात, "चला आज बसू या", आणि मी बॅग उचलते. आता त्या मला विचारतही नाहीत. त्यांचा दोष नाही.

त्या मालिकेतली धाकटी, मी-जॉंग, ऑफिसच्या कुठल्याही मंडळात सामील व्हायला तयार नसते. तिच्यासारखे अजून दोन सहकारी मिळून ते आपलंच मंडळ काढतात, मुक्तीचं. नियम असे की कुणी सल्ला द्यायचा नाही, कुणी सांत्वन करायचं नाही. मी हा नियम घरी सांगितला आणि दोन महिने आम्ही पाळला. खूप फरक पडतो.

आता माझा प्रश्न. मी-जॉंग शेजारी राहणाऱ्या, सतत पिणाऱ्या, अबोल माणसाला सांगते की माझ्यावर नुसतं प्रेम करून भागणार नाही, मला 'छुआंग' करा. सबटायटलमध्ये 'वर्शिप'. कोरियनमध्येही हा शब्द रोजच्या बोलण्यात कुणी वापरत नाही, भारदस्त, पुस्तकी आहे. ती आदरार्थी बोलते, 'तुम्ही'. मराठीत काय म्हणाल? 'माझी पूजा करा' म्हटलं की हळदीकुंकू डोळ्यांसमोर येतं. गोधडी, तुमच्या आईंना विचारा.

तिरफळ

मालवण. मी एकच सांगतो, 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स'. २०२५ च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर आली, सोळा भाग, चार-चार करून. प्रमुख भूमिकांत आय-यू आणि पार्क बो-गम.

जेजू बेटावरची गोष्ट. मूळ नाव जेजूच्या बोलीतलं, 'फोक्स्साक सोगास्सुदा'. प्रमाण कोरियन बोलणाऱ्याला ते ऐकून 'पुरते फसलात' असं वाटेल, कारण तिथे त्या शब्दाचा तोच अर्थ. जेजूत मात्र 'खूप कष्ट केलेत तुम्ही'. इंग्रजी नावात यातलं काहीच नाही, 'आयुष्यानं लिंबं दिली तर सरबत करा' अशा अर्थाच्या इंग्रजी म्हणीतल्या लिंबाचं संत्रं केलंय. आमच्या मालवणीत ते नाव असं होईल : 'खूप कष्ट काढलंस गो माजे बाय'. मी हे मोठ्यानं म्हणून बघितलं आणि पुढे मालिका सुरू करायला दहा मिनिटं लागली.

नायिका ए-सन १९५१ साली जन्मलेली. तिची आई हेन्यॉ, म्हणजे ऑक्सिजनची नळी-टाकी काही न घेता समुद्रात बुडी मारून अबॅलोन शिंपल्या काढणारी. पाण्याबाहेर येताना या बायका कोंडलेला श्वास सोडतात, तेव्हा शीळ वाजल्यासारखा आवाज येतो. त्या आवाजाला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, 'सुम्बिसोरी'. २०१६ मध्ये युनेस्कोनं हेन्यॉंची परंपरा वारसा म्हणून नोंदवली. जेजूची बोली मात्र त्याच युनेस्कोच्या यादीत मरणपंथाला लागलेली म्हणून आहे.

लहान ए-सन शाळेत कविता लिहिते. सारखं अबॅलोन अबॅलोन, आई कधी घरी नाही. अबॅलोन विकून आईला दिवसाला शंभर ह्वान मिळतात, ते मीच दिले तर मला आईचा एक दिवस विकत मिळेल का, असा त्याचा आशय. आई ते वाचते.

माझी आई ओहोटीला कालवं काढायला जायची. खडकावर बसून कोयत्याच्या टोकानं एकेक फोडायची, हाताला चिरा पडायच्या आणि त्यात खारं पाणी. आम्ही किनाऱ्यावर तिची वाट बघत बसायचो आणि आमचा वैताग असायचा की ही लवकर का येत नाही. ती कालवं बाजारात किती रुपयांना जायची ते मी कधी विचारलं नाही.

बोलीचं आणखी एक. आमच्या मुलांना शाळेत मालवणी बोललं की 'नीट बोल' म्हणून सांगतात. या मालिकेत कोरियातले दोन फार लोकप्रिय कलाकार जेजूच्या बोलीत प्रेम करतात, भांडतात. मला ते फार मोठं वाटलं.

नव्याने_बघणारी

मी फक्त 'क्रॅश लँडिंग ऑन यू' बघितलंय आणि खूप आवडलंय. इथलं वाचून 'रिप्लाय १९८८' लावलं, पण दोन भागांत काही घडतच नाही. पुढे घडतं का?

गोधडी

@नव्याने_बघणारी, पुढेही तसं काही घडत नाही. पण पाचव्या-सहाव्या भागापर्यंत ती गल्ली तुमची होते. तेवढे बघा, मग नको वाटलं तर सोडून द्या, त्यात काही चूक नाही.

@तिरफळ, आईला तुमचं वाचून दाखवलं. तुमच्या आईंना नमस्कार सांगितलाय.

कडवेवाल

'रिप्लाय'बद्दल थोडं वेगळं. मला ती मालिका प्रिय आहे, पण ती गल्ली फार गोड करून दाखवलीय असं माझं प्रामाणिक मत आहे. १९८८ च्या ऑलिम्पिकसाठी सोल देखणं करताना सांग्ये-दोंगसारख्या वस्त्या बुलडोझर लावून उठवल्या. स्सांगमुन-दोंगहून सांग्ये-दोंग काही लांब नाही. मालिकेत दकसन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात देशाच्या नावाची पाटी धरायचा सराव करते, मादागास्करची, आणि ऐनवेळी तो देशच येत नाही. तो प्रसंग सुंदर आहे. पण शेजारची उठवलेली माणसं त्या गल्लीत कधी भाड्यानं खोली शोधायला आली नाहीत. थोरली बहीण विद्यार्थी चळवळीत असते, तिची आई भर पावसात पोलिसासमोर हात जोडते, तेवढ्यात बाहेरचं जग आत डोकावतं आणि पुन्हा दार लागतं.

जिला दार उघडं ठेवायचं धाडस आहे अशी मालिका म्हणजे 'तोरा नि त्सुबासा', वाघिणीला पंख. जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर, एनएचकेवर, सकाळी पंधरा मिनिटांची मालिका असते, सोमवार ते शुक्रवार, सहा महिने. ही २०२४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमधली. नायिका तोमोको मिबुची योशिको यांच्यावर बेतलेली. १९३८ मध्ये ज्या पहिल्या तीन बायका जपानात वकिलीची परीक्षा पास झाल्या त्यांतल्या त्या एक. पुढे न्यायाधीश झाल्या, आणि कौटुंबिक न्यायालयाच्या प्रमुखपदी बसलेली पहिली स्त्री.

युद्धाआधीच्या जपानी कायद्यात लग्न झालेली बाई 'असमर्थ' मानली जायची. नवऱ्याच्या संमतीशिवाय महत्त्वाचा व्यवहार करता यायचा नाही. तोमोको हा शब्द चुकून ऐकते आणि त्याच्या मागेच लागते. तिनं कायदा शिकायला आईचा कडाडून विरोध. आधी लग्न. आणि मग तीच आई पुस्तकाच्या दुकानात जाते आणि मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमाचा किमोनो राहू दे, म्हणून कायद्याचा जाडजूड ग्रंथ विकत घेऊन तिच्या हातात ठेवते.

मी वकील आहे, नाशिकचा. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिकचाच, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या तरी आपल्याकडे बायकांना वकिलीची मुभा देणारा कायदा व्हायला १९२३ उजाडावं लागलं. जपानात ती मुभा त्यानंतर दहा वर्षांनी कायद्यात आली. एवढी मोठी गोष्ट इथल्या मातीत आहे. रोज पंधरा मिनिटं, सहा महिने, सकाळच्या चहाबरोबर अशी मालिका मराठीत व्हावी असं मला मनापासून वाटतं.

पासबुक

@कडवेवाल, सकाळच्या त्या पंधरा मिनिटांच्या मालिकांमधलीच 'ओशीन'. १९८३-८४, २९७ भाग, सरासरी प्रेक्षकसंख्या ५२.६ टक्के. साठाहून जास्त देशांत दाखवली गेली. यामागाता प्रांतातली सात वर्षांची मुलगी, घरात मुळ्याचे तुकडे घालून वाढवलेला भात, आणि एक पोतं तांदळाच्या बदल्यात तिला दुसऱ्याच्या घरी कामाला धाडतात. बर्फातून, नदीतल्या तराफ्यावरून ती जाते आणि बाप काठाकाठानं पळतो. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळातल्या सुकडीची आणि मिलो ज्वारीची गोष्ट सांगायची. ती गेल्यावर मी ही मालिका बघितली. तिला दाखवायला हवी होती.

वळचण

'छुआंग'साठी 'आराधना' कसं वाटतं? 'माझी आराधना करा.'

आणि लेखक साकामोतो युजींची 'क्वार्टेट' (२०१७, दहा भाग) राहिली. कारुइझावा नावाच्या गावात चार वादक एका घरात राहतात. पहिल्याच भागात कारागे, म्हणजे तळलेली कोंबडी, ताटात येते आणि एक जण न विचारता सगळ्यावर लिंबू पिळतो. त्यावर मोठा वाद. हसू येतं. मग माकी नावाची व्हायोलिन वाजवणारी सांगते, ती कायम नवऱ्याच्या कारागेवर लिंबू पिळून द्यायची. एकदा तो ती जवळपास आहे हे माहीत नसताना मित्राला म्हणाला की त्याला लिंबू आवडत नाही. आणि बायकोबद्दल म्हणाला, प्रेम आहे, पण आवडत नाही. त्यानंतर आमच्या घरी मी पोह्यांवर लिंबू पिळायचं थांबवलं. फोड बशीत ठेवते. बारा वर्षांनी कळलं, नवऱ्याला पोह्यांवर लिंबू नकोच असतं.

पाच_अठ्ठावन्न

'आराधना' जवळ जातं. पण ते नाम झालं. तिचं वाक्य एका क्रियापदावर संपतं, आणि ती त्या शब्दाआधी किंचित थांबते. कोरियन, जपानी, मराठी, तिन्हींत क्रियापद शेवटी, म्हणून नट त्याआधी थांबू शकतो. इंग्रजी ओळीत ते आधीच छापून येतं आणि तिचं थांबणं वाया जातं. मला शेवटी आदळणारं एकच क्रियापद हवंय.

गोधडी

काल आईबरोबर तो भाग बघितला. तिला पूजा-आराधना दोन्ही पटलं नाही. म्हणाली, "तिला देवपण कुठे हवंय? माझ्यावर जीव टाका म्हणतेय ती."

पाच_अठ्ठावन्न

किती छान. पण 'जीव टाका' आपण रोज म्हणतो. ऐकणाऱ्याला तो शब्द कधी कुणाच्या तोंडून ऐकलेला नसावा, अडखळायला व्हावं. त्यांना माझा हट्ट सांगा आणि रागावू नका म्हणावं.

गोधडी

रागावली नाही. दुपारभर काही बोलली नाही, निवडायचे तांदूळ घेऊन बसली होती. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तिथूनच म्हणाली, "तिला सांग, 'मला भजा'."

पाच_अठ्ठावन्न

हेच. हाच शब्द.